मावशींच्या घरात कोण राहतं

१

आपल्या घरात आणखी कमावती माणसं राहतात, ही गोष्ट मावशींना नोटिशीवरून कळली.

नोटीस लाल कागदाची होती आणि दाराला इतकी घट्ट चिकटवलेली होती की मावशींनी ती नखाने खरवडून पाहिली तेव्हा दाराचाच रंग सुटून आला. मजकूर थोडका होता. घरात इतर कमावत्या व्यक्ती राहत असल्याचे आढळले, सबब घरपट्टीची सवलत रद्द. मागील वर्षांची बाकी दंडासह भरावी. न भरल्यास शुक्रवारी खोली सील करून तिचा लिलाव होईल. सहीच्या जागी छापलं होतं, ‘निर्णय संगणकीय प्रणालीने घेतला असल्याने सहीची आवश्यकता नाही.’

मावशी शिवणकाम करून पोट भरत. रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक खोली, आणि नवऱ्यामागे तिच्यात त्या एकट्या. त्यांना पोरबाळ नव्हतं. त्यांनी दारावर टॉवेल वाळत घालून नोटीस झाकली, अपील केलं आणि पुन्हा मशीनवर बसल्या.

अपील गेलं ते नगरपालिकेच्या तपासनीस बाईंकडे. कचेरीत त्यांना सगळे थांबाताई म्हणत. संगणकाने केलेल्या निर्णयांचा गठ्ठा सहीसाठी समोर आला की बाकीचे भराभर सह्या ठोकून चहाला जात; या मात्र वर न बघता “थांबा” म्हणत. न पाहिलेल्या घरावर सही करायची नाही, हा त्यांचा नेम होता, आणि इतर नेमांसारखाच तोही त्या गाजावाजा न करता पाळत. आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागे. एकदा झुकलेला माणूस सहसा फार खोटं बोलत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

मंगळवारी सकाळी त्या मावशींच्या दारात उभ्या राहिल्या. खोली एका नजरेत संपली. खिडकीशी मशीन, मध्ये कापड बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीला कॉट, कोपऱ्यात शेगडी आणि मोरी. कॉटखाली खोक्यांचा आणि पाकिटांचा ढीग होता, पण शिवणाऱ्या बाईच्या घरात ढीग असायचाच. ताईंनी दांडीवरचे कपडे पाहिले, मोरीवर दात घासायचे ब्रश पाहिले. सगळं एका माणसापुरतं.

तेवढ्यात एक गृहस्थ चहाचा थर्मास घेऊन आत आले. मागच्या अंगणापलीकडे त्यांचं जुनं गोदाम होतं, म्हणून सारा रस्ता त्यांना गोदामवाले काका म्हणे. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं लोण्यासारखं. मावशींवर अन्याय झालाय म्हणून कालपासून आपल्याला अन्न गोड लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. वेळ आलीच तर खोली आपण विकत घेऊ, परक्याच्या हाती जाऊ देणार नाही, हेही सांगितलं.

“आता तुम्हीच बघा, ताई,” ते खोलीकडे हात करून म्हणाले. “एवढ्याशा जागेत सहा माणसं मावतील तरी का? त्या यंत्राला अक्कल नाही.”

ताईंनी मान डोलावली आणि चहा घेतला. चहा चांगला होता. जिना नसलेल्या त्या घराची एकच पायरी उतरताना मात्र त्यांना काहीतरी खुपत होतं, आणि काय खुपतंय ते कळत नव्हतं.

२

मावशींनी एकच संशय घेतला होता, तोही अर्ध्या आवाजात: भाचा.

भाचा दुसऱ्या गावात सासुरवाडीच्या दुकानात काम करी. ताईंनी बोलावल्यावर तो दुपारीच आला आणि आल्याआल्या घाम पुसू लागला. सवलत घालवण्यात आपला हात नाही, असं त्याने कोणी विचारायच्या आधीच तीनदा सांगितलं. ताई गप्प बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याने भल्याभल्यांची पंचाईत होई. भाच्याची तर पाचावर धारण बसली. मग त्याने कबूल केलं की महिन्यापूर्वी त्याने मावशीची खोली विकायची बोलणी केली होती. मावशीला न सांगता. तिने आता आपल्याकडे येऊन राहावं, एवढाच हेतू होता म्हणे.

“बोलणी कोणाशी?” ताईंनी विचारलं.

“गोदामवाल्या काकांशी. त्यांनीच फोन केला होता.”

मशीनचं चाक थांबलं. मावशी इतकंच म्हणाल्या की मी मेल्यावर विकायचं ते विक, अजून माझे हात चालतात. भाच्याने मान खाली घातली ती बस येईपर्यंत वर केली नाही. तो लोभी होता, पण त्याला यंत्राशी खेळण्याइतकी अक्कल नव्हती. ताईंनी त्याला मनातून वगळलं.

बुधवारी त्या कचेरीतल्या संगणकवाल्याकडे गेल्या. तो तरुण, एका कानात कायम काहीतरी अडकवलेलं. ही प्रणाली त्याने बसवलेली, आणि तिच्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की त्याला आपल्या लेकराला बोलल्यासारखं लागे. बँका, मालक, दुकानं यांच्याकडे माणसांनी दिलेले पत्ते प्रणाली गोळा करते. एका पत्त्यावर जेवढी कमावती माणसं, त्यांच्या उत्पन्नाची बेरीज करते. बेरीज मर्यादेबाहेर गेली की सवलत बंद. यात माणसाचा हात कुठेच लागत नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं.

ताईंनी विचारलं, मावशींच्या पत्त्यावर किती माणसं आहेत?

ही माहिती खासगी आहे, तो म्हणाला. नोटिशीतसुद्धा ती छापत नाही. तपासनीस म्हणून मागते आहे, असं ताईंनी सांगितल्यावर त्याने कानातलं काढून ठेवलं, पडद्यावर बोटं चालवली आणि खुर्चीत मागे रेलला.

“सहा,” तो म्हणाला. “सगळी गेल्या काही वर्षांत आलेली. मावशी सोडून सहा.”

आपल्याला काल काय खुपत होतं ते ताईंना कळलं. नोटिशीत नसलेला, मावशींना माहीत नसलेला, कचेरीतही आत्ता कळलेला आकडा काकांनी कालच सांगितला होता.

३

घाई करणं ताईंच्या स्वभावात नव्हतं. काकांना सहा हा आकडा ठाऊक आहे, म्हणजे ती सहा माणसं ठाऊक आहेत. पण ती आहेत कोण? संगणकवाल्याने त्यांच्या नोकऱ्या तेवढ्या सांगितल्या होत्या. एकजण रुग्णालयात, एकजण पावाच्या भट्टीवर, एकजण पहारेकऱ्यांच्या कंपनीत, तिघं एका वेष्टणाच्या कारखान्यात.

त्या सरळ मावशींकडे जाऊन बसल्या. खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि काही न विचारता मावशींचे काजे करायला घेतले. मावशींनी एकदा टाका बघितला, बरा आहे असं तोंडावर दाखवलं आणि काम चालू ठेवलं.

तासाभरात खिडकीवर टकटक झाली. पार्सलवाला होता. त्याने नाव न विचारता एक खोकं आत सरकवलं, मावशींनी ते न बघता कॉटखाली ढकललं. ताईंचा हात काजावरच थांबला.

थोड्या वेळाने मागच्या दाराने एक तरुण मुलगी आत आली. केस ओले, पायात घरातल्या सपाता, अंगावर रुग्णालयाचा पांढरा झगा, त्याची वरची दोन बटणं अजून लावायची होती.

“मावशी, माझं काही आलंय? पटकन द्या हो, गॅसवर दूध ठेवलंय.”

मावशींनी खोकं काढून दिलं. मुलगी आली तशी पळाली. तिच्यामागून भट्टीवाला आला, उघडाच, कानामागे साबणाचा फेस. तो आपलं बँकेचं पाकीट घेऊन गेला.

ताईंनी विचारलं तेव्हा मावशी सहज सांगू लागल्या. ही मुलं कामाला जातात, यांच्या दारावर कोणी येऊन गेलं तर घ्यायला कोण असतं? मी आपली दिवसभर खिडकीशी. मीच म्हटलं, येऊ दे माझ्याकडे. एकाचं दोघांचं करता करता सगळ्यांचंच येऊ लागलं. त्यात माझं काय झिजतं?

बोलता बोलता मावशींची नजर कॉटखालच्या ढिगाकडे गेली. काय झालं होतं ते त्यांचं त्यांनाच कळलं होतं. लोकांची खोकी सांभाळली, म्हणून यंत्राने त्या लोकांचा पगार मावशींच्या ताटात वाढला होता.

ताईंना वाटलं, सुटलं कोडं. सहाही जणांनी येऊन आपला खरा पत्ता लिहून दिला की झालं. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी परिचारिकेला गाठलं, दारावरचा टॉवेल उचलून नोटीस दाखवली आणि एवढंच मागितलं.

मुलीने नोटीस वाचली. डोळे भरले. मग ती भिंतीला टेकली आणि हळूच म्हणाली, “ताई, दुसरं काहीही सांगा. माझा पत्ता विचारू नका.”

४

भट्टीवाल्यानेही तेच केलं. आपण पुलापलीकडे लांब राहतो, एवढं म्हणून तो निघून गेला. पहारेकरी तर ताईंना पाहूनच रस्ता बदलून गेला.

गुरुवारी सकाळी ताई मावशींसमोर बसल्या. काजे पुन्हा हातात होते. हात चालता राहिला की त्यांचं डोकं चाले.

“मावशी, गॅसवर दूध ठेवून माणूस किती लांब जाईल?”

मावशी म्हणाल्या, लांब कशाला जाईल, उतू जाईल ना.

“आणि कानामागे साबण घेऊन कोणी पुलापलीकडून येईल का?”

मावशींनी सुई खाली ठेवली.

मागच्या दाराबाहेर अंगण, अंगणापलीकडे गोदाम. तिसरी वस्तू तिथे नव्हती. गोदामाच्या रस्त्याकडच्या शटरला गंजलेलं कुलूप, म्हणून सगळे त्याला बंद समजत. अंगणाच्या बाजूने त्याला दार असेल हे कोणाच्या मनात येत नव्हतं, कारण तिकडे बघायचं कोणाला कारणच नव्हतं. मावशींची नजर कायम रस्त्याच्या खिडकीकडे. मुलं मागून येतात, एवढंच त्यांना माहीत.

ताईंनी कचेरीत संगणकवाल्याला फोन लावला आणि गोदामाची नोंद विचारली. उत्तर यायला वेळ लागला नाही. इमारत रिकामी, वापरात नाही, एकही व्यक्ती त्या पत्त्यावर नाही. म्हणून घरपट्टीत रिकाम्या जागेची सूट, दरवर्षी, आपोआप.

“पत्त्यावर माणूस नाही म्हणजे प्रणालीच्या लेखी तिथे माणूसच नाही,” संगणकवाला म्हणाला. मग तेच वाक्य त्याने पुन्हा एकदा हळू म्हटलं. आपण काय म्हणालो ते त्याला ऐकू आलं असावं.

आता ताईंच्या मनात चित्र पुरं झालं. गोदामात पत्रे घालून खोल्या पाडलेल्या. भाडं हातोहात, पावती नाही. राहायला येणाऱ्याला काकांची एकच अट: हा पत्ता कुठेही द्यायचा नाही, पुढच्या मावशींचा द्या, त्या नाही म्हणत नाहीत. त्यामुळे यंत्राला गोदाम रिकामं दिसलं आणि मावशींची खोली भरलेली. काकांना सूट मिळाली, मावशींची गेली. सुरुवातीला काकांनी एवढा विचार केला नसेलही. पण नोटीस आली तेव्हा कारण आणि आकडा दोन्ही जाणणारा माणूस सबंध रस्त्यात एकच होता, आणि तो गप्प राहून थर्मास घेऊन आला.

परिचारिका रात्रपाळी करून परतली होती. ताईंनी हे सगळं तिला सांगितलं, तेव्हा तिने ते नाकारलं नाही. पत्ता सांगितला त्याच दिवशी सामान बाहेर, असं काकांनी प्रत्येकाला बजावलं होतं. तिला आठवड्यापूर्वीच कायमची नोकरी लागली होती. भट्टीवाल्याची बायको पोटुशी होती.

मावशींनी सगळं ऐकलं आणि टेबलावरचं कापड घडी करू लागल्या.

“राहू दे, ताई. पोरांचं छप्पर काढून मला माझं नको. मी भाच्याकडे जाईन.”

ताईंना आयुष्यात फार कमी वेळा राग येई. आला की त्यांचा आवाज आणखी खाली जाई. “तुम्ही कुठेही जाणार नाही, मावशी,” त्या म्हणाल्या. “ज्याने दोघांची घरं एकमेकांच्या गळ्याला बांधली, त्याची गाठ आपण का सांभाळायची?”

मग परिचारिकेला त्यांनी सरळ सांगितलं. खोल्यांची राहती जागा म्हणून नोंद झाली की कोर्टाच्या हुकुमाशिवाय भाडेकरूला बाहेर काढता येत नाही, आणि तुमची मिळकत कमी असेल तर सवलतीचा हक्क तुमचाही आहे. पण काका त्रास देणार नाहीत, असं वचन मी देऊ शकत नाही. उद्या सील करायला माणसं येतील. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मुलगी मागच्या दाराने निघून गेली.

५

शुक्रवारी वसुलीचं पथक आलं. बरोबर कर खात्याचे साहेब, हातात रुमाल. त्यांच्या मागे एक लिपिक. काका आधीच येऊन मावशींच्या पायरीशी उभे होते, चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखा भाव.

ताईंनी साहेबांना बाजूला घेऊन, काकांना ऐकू जाणार नाही असं, सगळं सांगून पाहिलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि हात झटकले. पुरावा काय? प्रणालीकडे सहा जणांनी स्वतः दिलेले पत्ते आहेत. तुमच्याकडे उतू जाणारं दूध आहे. शिवाय निर्णय बदलायला पडद्यावर जागाच नाही, वरून विचारलं तर आम्ही काय सांगायचं?

“म्हणजे सहा जण या खोलीत राहतात,” ताई म्हणाल्या.

“नोंद तसं सांगते.”

ताईंनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पथकातल्या माणसाने लाख तापवायला काडी ओढली. मावशी खुर्चीवरून उठल्या, त्यांनी मशीनवर कापडाचं झाकण घातलं.

आणि अंगणातून पावलं वाजली.

पुढे परिचारिका होती, काखेत गुंडाळलेली गादी. तिच्यामागे भट्टीवाला, पहारेकरी, कारखान्यातली तिघं. प्रत्येकाच्या काखेत गादी. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. पहिली गादी कॉट आणि टेबलाच्या मध्ये पडली आणि परिचारिका तिच्यावर आडवी झाली. पहारेकऱ्याने टेबलाखाली डोकं घातलं, त्याचे पाय शेगडीला लागले. भट्टीवाल्याला मोरीपर्यंत सरकावं लागलं. चौथ्याची गादी अर्धी भिंतीवर चढली. उरलेले दोघं गाद्या घेऊन उभे राहिले, कारण जमीन संपली होती. साहेब एकेक पाऊल मागे सरकत सरकत पायरी उतरून रस्त्यावर आले होते, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“साहेब, आत या ना,” परिचारिका पडल्यापडल्या म्हणाली. “आम्ही इथेच राहतो म्हणता, पाहुणा बाहेर उभा बरा दिसत नाही.”

रस्त्यावर जमलेल्यांत कोणीतरी हसलं. साहेबांचे कान लाल झाले, पण ते मुरलेले होते. पाळ्यांचं काम असेल, ते म्हणाले. काहीजण दिवसा झोपत असतील, काहीजण रात्री.

मावशींनी मशीनवरचं झाकण काढलं, जाड कापड सुईखाली धरलं आणि पायडल हाणलं. ते जुनं मशीन असं धडधडलं की टेबलावरची कात्री नाचत कडेला आली.

“मी रात्री कामावर असते,” परिचारिका आवाज चढवून म्हणाली, “दिवसा झोपते. हे दिवसभर चालू असतं. तुम्ही पाच मिनिटं डोळा लावून दाखवा, मी कबूल करते इथे राहते म्हणून.”

मशीन थांबलं. साहेबांनी रुमालाने कपाळ टिपलं.

“मग राहता कुठे तुम्ही?”

काका पायरीशी उभे होते. त्यांनी सहाही जणांवरून एकेकदा नजर फिरवली, फार हळू. हात धरून बाहेर काढल्यासारखी ती नजर होती. कारखान्यातल्या एकाने डोळे खाली वळवले.

“गोदाम रिकामं आहे, साहेब,” काका म्हणाले. “कोणी काही सांगेल. तुमच्या यंत्रातसुद्धा रिकामंच आहे.”

“मी गोदाम म्हटलंच नव्हतं,” साहेब म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदाच काकांकडे नीट पाहिलं. मग ताईंकडे. ताईंनी मागच्या दारातून बाजूला होऊन वाट दिली. साहेब गाद्यांवरून पाय वाचवत, अंगण ओलांडून पलीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या बुटांना कोणाच्या तरी मोरीचं पाणी लागलं होतं.

सील परत न्यायला त्यांनी पथकाला सांगितलं. मावशींची सवलत चालू, आणि तसा हुकूम हाताने लिहायचा; पडद्यावर जागा नसेल तर पडदावाल्यांनी ती करावी. वरून विचारलं तर, असं म्हणत ते अडखळले.

“वरून विचारलं तर माझ्याकडे पाठवा,” ताई म्हणाल्या. “आणि सोमवारपासून या रस्त्यावरच्या बाकीच्या नोटिशी घेऊन मी दारोदार जाणार आहे. तुम्ही परवानगी द्याल तर परवानगीने जाईन.”

साहेबांनी परवानगी दिली नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

काकांच्या बोलण्यातलं लोणी आता पार वितळलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी खोल्या खाली करा, असं ते अंगणाकडे बघून म्हणाले.

परिचारिका उठून बसली. रात्रभर जागलेले डोळे सुजले होते, पण मान ताठ होती. ती लिपिकाकडे वळली आणि गोदामाची नोंद आत्ता करणार का, असं विचारलं. लिपिकाने साहेबांकडे पाहिलं. साहेब बुटाकडे बघत होते. मग त्याने मावशींच्या बेतायच्या टेबलावर कागद पसरला.

“राहण्याचं ठिकाण?” त्याने विचारलं.

“मागचं गोदाम. आतली पहिली खोली,” ती म्हणाली. “राहते. झोपते. तिथंच दूध तापवते. सगळं लिहा.”

तिच्यामागे पहारेकरी उभा राहिला. त्याच्यामागे कारखान्यातली तिघं. भट्टीवाला शेवटचा. तो मुळात कमी बोलणारा, आणि काका त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. लिपिकाने प्रश्न विचारल्यावर त्याने एकदा अंगणाकडे पाहिलं. तिकडे त्याची बायको पोटावर हात ठेवून दारात उभी होती. भर दिवसा, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी.

मग त्याने आपला पत्ता सांगितला. लिपिकाला पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं, तरी त्याने तो पुन्हा एकदा सांगितला, रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.